माती आणि अन्नसुरक्षा, दोन्हींत शोधनिबंध असलेल्या मार्गदर्शकाची यादी कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात मृदाशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीला पीएच.डी.साठी एक मार्गदर्शक मिळताहेत. त्यांच्या नावावर २००८ पासून ९६ शोधनिबंध आहेत: ५१ मातीवरचे, ३८ अन्नसुरक्षेवरचे (म्हणजे अन्न खायला सुरक्षित आहे का यावरचे), बाकी किरकोळ. मध्ये जवळजवळ तीन वर्षं एकही निबंध नाही. पालेभाज्यांवरच्या एका निबंधाला नंतर दुरुस्ती जोडलेली आहे. तक्त्यातले आकडे कोरड्या वजनावरचे आहेत, असा त्यात खुलासा आहे. मैत्रिणी म्हणतात, "दोन दगडांवर पाय ठेवणारा माणूस आहे, जपून." घरचे म्हणतात, "एवढे पेपर आहेत म्हणजे मोठंच नाव असणार." मग यादी वाचायची कशी?

मी तीस वर्षं मृदा-रसायनाचं काम केलं. नमुने बहुतेक पुणे जिल्ह्यातले, जुन्नर-आंबेगावपासून इंदापूरपर्यंतचे. बाहेरची परीक्षक म्हणून पीएच.डी.चे प्रबंध तपासले, निवड समित्यांवर बसले. माझी स्वतःची यादीही याच दोन विषयांत विभागलेली आहे, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटला.

आधी त्या दोन दगडांचं बघू. माती आणि अन्नसुरक्षा हे विषय संस्थेच्या इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर असतील, शेतात ते एकाच वाफ्यात असतात. पालकाच्या पानात कॅडमियम हा विषारी धातू येतो तो मातीतून, पाण्यातून, नाहीतर पानावर बसलेल्या धुळीतून. भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी मातीतच राहते आणि शेंगही मातीतच पोसते. शेवटच्या महिन्यात पाऊस ओढला, जमीन तापली, टरफलाला चिरा गेल्या की बुरशी दाण्यापर्यंत पोचते. आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम दिलं असेल तर टरफल भक्कम होतं. म्हणजे अन्नसुरक्षेच्या निबंधात जो आकडा मायक्रोग्रॅममध्ये छापला जातो, त्याची सुरुवात कॅल्शियम आणि ओलाव्यापासून झालेली असते. दोन्हींकडे निबंध असण्यात गैर काहीच नाही. मी यादीत एवढंच शोधते की या दोन ढिगांमध्ये सांधा कुठे आहे. तो नसेल, तर मात्र तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं खरं ठरेल.

सांधा म्हणजे काय ते आपल्याच जमिनीवरून सांगते. आपल्याकडची काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली. चिकणमाती भरपूर, जागोजागी चुनखडी, सामू (पीएच, आम्ल-विम्लतेचं माप) ८ च्या आसपास किंवा त्याच्या वर. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही पिकाला मिळत नाही. चुनखडीच्या रानात उसावर केवडा (पानं पिवळी-फिकी पडणं) पडलेला तुम्ही पाहिला असेल. आता आवर्तसारणीत जस्ताच्या बरोबर खाली कोण बसलंय ते बघा: कॅडमियम. जी चुनखडी आणि चिकणमाती जस्त धरून ठेवते, तीच कॅडमियमही धरून ठेवते. मातीचा अभ्यासक याला कमतरता म्हणतो आणि जस्त सल्फेटची शिफारस करतो. अन्नाचा अभ्यासक त्याच गुणाला संरक्षण म्हणेल. दोन्हींचं बरोबर आहे, आणि ज्याला दोन्ही दिसतात तोच पुढचा प्रश्न विचारतो: हे संरक्षण सुटतं कधी? जमीन खारवट झाली की. क्लोराइड वाढलं की ते कॅडमियमशी विरघळणारी संयुगं करतं आणि पीक ते उचलतं. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात बटाट्यावर हे नीट दाखवलं गेलं. आता बारामती-इंदापूरकडची कालव्याखालची, निचरा बिघडलेली रानं डोळ्यांसमोर आणा. तिथे सामू बघून "आमची माती सुरक्षित आहे" म्हणणारा मृदाशास्त्रज्ञ अर्धाच विचार करतोय, आणि मंडईतून भाजी आणून थेट आकडा छापणारा अन्नतज्ज्ञही अर्धाच.

तुमच्या होऊ घातलेल्या मार्गदर्शकांच्या ३८ अन्ननिबंधांत सामू, चुनखडी, सेंद्रिय कर्ब, क्षारता यांचा उल्लेख येतो का, ते आधी बघा. आणि ५१ मातीनिबंधांपैकी काहींत तरी शेवटी खाण्यायोग्य भागाचं पृथक्करण आहे का? हे दोन्ही असेल तर माझ्या लेखी निम्मं काम झालं.

आता नावाची खात्री. हे किरकोळ वाटेल, पण इथे मोठे घोटाळे होतात. ए. बी. पाटील, एस. डी. जाधव, व्ही. आर. कुलकर्णी या नावांची माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही दोन कृषी विद्यापीठांत मिळून डझनाने सापडतील. गुगल स्कॉलर त्यांचे निबंध बिनदिक्कत एकत्र करतं. यादीतले ते "किरकोळ" सात निबंध दुसऱ्याच कुणाचे नाहीत ना, हे तपासा. उलटही होतं: लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची निम्मी यादी जुन्या नावावर राहून जाते. २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळख-क्रमांक मिळतो. त्यावरची यादी संशोधक स्वतः सांभाळतो, म्हणून ती जास्त विश्वासाची. स्कॉलरवरचे ९६ आणि ऑर्किडवरचे ८०, असं दिसलं तर लगेच संशय घेऊ नका. आधी आडनाव बघा.

तीन वर्षांच्या रिकाम्या जागेची मला फारशी काळजी वाटत नाही. मातीचं काम ऋतूंनी बांधलेलं असतं. शेतातला प्रयोग निदान दोन हंगाम घ्यावा लागतो. एका वर्षी अवकाळीने झोपवला तर तिसरा. देशातले दीर्घ मुदतीचे खत-प्रयोग १९७० पासून चालू आहेत, तिथे दहा वर्षांनी एक चांगला निबंध निघाला तरी तो वजनदार असतो. याउलट बाजारातल्या साठ नमुन्यांची पाहणी चार-पाच महिन्यांत उरकते. म्हणून मातीचे ५१ आणि अन्नाचे ३८ हे आकडे एका तराजूत घालू नका. मला उलट प्रश्न पडेल तो असा: एखाद्या वर्षी मातीवर बारा निबंध आले असतील, तर ती रानं कुठली? समन्वित प्रकल्पात अनेक केंद्रांचं काम असेल तर तेवढे निबंध होऊ शकतात. पण एकाच रानातलं जस्त एका निबंधात, लोह दुसऱ्यात, तांबं तिसऱ्यात, असे एकाच भाकरीचे तुकडे चार ताटांत वाढलेले असतील, तर ते पद्धतीच्या भागात लगेच कळतं. अक्षांश-रेखांश तेच, पेरणीची तारीख तीच, पाऊसही तेवढाच.

रिकाम्या वर्षांनंतर विषय बदलला का, हेही बघा. आपल्याकडे त्याला बाहेरची कारणं होती. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, अन्नातल्या दूषितकांच्या मर्यादांचे नियम २०११ चे. मधल्या २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या रसायनाच्या मालात उरलेल्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं नाकारली. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर वाढ रोखायला वापरलेलं हे रसायन वेलीत टिकून राहिलं आणि महिन्यांनी घडात सापडलं. नाशिक, सांगली, जुन्नर, सगळीकडच्या बागाईतदारांची झोप उडाली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अंश-तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, तिथे तर कामाचा डोंगर होता. त्या काळात मातीतली अनेक माणसं अंशांकडे वळली आणि त्यांच्या याद्यांत ते वळण स्पष्ट दिसतं. वळण्यात वाईट काही नाही. वळताना जुनं ज्ञान सोबत नेलं का, एवढंच बघायचं. द्राक्षाचंच उदाहरण घ्या. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं मोरचूद वर्षानुवर्षं बागेत पडतं. त्यातलं तांबं मण्यात फार जात नाही, म्हणून अन्नाच्या तक्त्यात सगळं ठीक दिसतं. पण ते मातीच्या वरच्या थरात साठत राहतं आणि गांडुळांना, जिवाणूंना त्याचा त्रास होतो. मण्याचा अहवाल देणाऱ्याने बागेतली मूठभर माती तपासली का, यावरून माणूस ओळखता येतो.

आता खरा मुद्दा, पद्धतीचा भाग. लोक निबंधाचा सारांश आणि निष्कर्ष वाचतात. मी सुरुवात करते ती नमुना कसा काढला इथून.

तुमच्या मार्गदर्शकांच्या त्या दुरुस्तीपासूनच घेऊ. मातीवाल्यांना सगळं कोरड्या वजनावर लिहायची सवय असते, कारण पान ओव्हनमध्ये वाळवूनच दळलं जातं. अन्नातल्या मर्यादा मात्र आपण खातो त्या ताज्या भाजीसाठी असतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पालेभाजीसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.३. समजा, वाळलेल्या पालकात कॅडमियम १.६ आलं. सरळ तुलना केली तर मर्यादेच्या आठपट, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा. पण पालकात ९२ टक्के पाणी धरलं तर ताज्या वजनावर तोच आकडा १.६ गुणिले ०.०८, म्हणजे ०.१२८ होतो. मर्यादेच्या आत. भाजी तीच, वाफा तोच, फक्त एक गुणाकार राहिला आणि शेतकऱ्याची जुडी पडून राहिली. माती आणि अन्न या दोन विषयांच्या मधोमध हा खड्डा आहे, आणि त्यात पडलेले निबंध मी मोजता येणार नाहीत इतके पाहिलेत. तुमच्या मार्गदर्शकांनी पुढे होऊन दुरुस्ती छापली, आकडे कोरड्या वजनावरचे आहेत असं सांगितलं, ही त्यांच्या बाजूने जाणारी गोष्ट आहे. आता त्यानंतरचे निबंध काढा. पाण्याचं प्रमाण मोजून दिलंय का? आकडे दोन्ही वजनांवर आहेत का? असतील तर या माणसाकडे खुशाल जा. चूक कळूनही पुढच्या निबंधात तीच असेल, तर दुरुस्ती कुणीतरी मागे लागल्यामुळे आली असणार.

दुसरी खूण डीटीपीएची, म्हणजे पिकाला मिळू शकणारा धातूचा भाग मातीतून विरघळवून काढणाऱ्या द्रावणाची. लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये ही पद्धत नीट मांडली ती सामू ७.३ च्या द्रावणाने चुनखडीच्या जमिनीतलं उपलब्ध जस्त, लोह, मँगेनीज, तांबं मोजायला, म्हणजे कमतरता ओळखायला. त्यातून निघालेलं शिसं किंवा कॅडमियम हा मातीतला एकूण साठा नव्हे. त्यासाठी तीव्र आम्लात पचन करावं लागतं. डीटीपीएचा आकडा घेऊन तो एकूण प्रमाणाच्या मर्यादेशी ताडलेला दिसला आणि "जमीन प्रदूषित नाही" असा निष्कर्ष काढलेला दिसला, तर मातीच्या बाजूचा पाया कच्चा आहे असं समजा. लेखकाच्या पदवीवर मृदाशास्त्र छापलेलं असलं तरी.

तिसरी गोष्ट आहे दळण्याची, आणि ती मी स्वतः भोगलीय. आम्ही मुळा-मुठेच्या खालच्या अंगाची, मांजरी-लोणी काळभोर पट्ट्यातली मेथी आणि पालक तपासत होतो. नदीकाठच्या विहिरी, उपसा, मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात सोडलेलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, असं सगळं पाणी त्या पट्ट्याला मिळतं. त्यामुळे काहीतरी सापडेल अशी मनाची तयारी होतीच. क्रोमियम आणि निकेल भराभर वर आलं. मसुदा लिहून झाला. तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या साहाय्यकांनी एक गोष्ट दाखवली: ज्या पुड्यांत देठ जास्त, त्यांचेच आकडे चढे. देठ कडक असतात, ते मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवावे लागतात. आम्ही एकाच पालकाचे दोन भाग केले. एक त्याच मिक्सरमध्ये दळला, दुसरा अकीकाच्या खलात हाताने घोटला. खलातल्या भुकटीत ते क्रोमियम नव्हतं. पोलादी पात्यांची धार झिजून भाजीत उतरत होती आणि आम्ही ती नदीच्या नावावर लिहिणार होतो. मसुदा परत घेतला, सगळे नमुने पुन्हा काढले, एक रब्बी गेला. माझ्या यादीतही त्या वर्षी रिकामी जागा आहे. तेव्हापासून पालेभाजीतल्या क्रोमियमवरचा कुठलाही निबंध आला की मी आकड्याआधी दळण कशात केलं ते शोधते. ते लिहिलेलंच नसेल, तर तक्ता वाचत नाही.

धुण्याचंही तसंच. भाजी धुतली का, कशाने, किती वेळा? पिकाने मुळातून काय उचललं हे बघायचं असेल तर पान काटेकोर धुवावं लागतं. घरात काय पोटात जातं हे बघायचं असेल तर बाई धुते तसं, नळाखाली. धुळीतून काय येतं हे बघायचं असेल तर धुतलेलं आणि न धुतलेलं, दोन्ही. पानात लोह आणि ॲल्युमिनियम एकदमच खूप दिसलं तर ते पान नाही, पानावरची माती मोजली गेलीय. टायटॅनियम मोजलं असेल तर फारच उत्तम, कारण ते पीक जवळजवळ उचलत नाही आणि मातीत भरपूर असतं. पानात दिसलं की माती राहिली हे नक्की. हे मातीच्या माणसाला लगेच सुचतं, अन्नाच्या माणसाला सुचेलच असं नाही. सांधा म्हणते तो असा दिसतो.

आणि जोखमीचं गणित, म्हणजे भाजीतून माणसाच्या पोटात किती जातं ते. पालेभाज्यांवरच्या असंख्य भारतीय निबंधांत दर माणशी दररोज ३४५ ग्रॅम भाजी हा आकडा वापरलेला असतो. तो चीनमधल्या आहार-पाहणीतून आलेला आहे, आणि एकाने उचलला म्हणून पुढच्यांनी उचलला. पुण्यातल्या घरात रोज प्रत्येकाच्या ताटात दीड जुडी पालक असतो का? आपल्याकडे कुणी भाजीवाल्याला, घरातल्या बाईला, वसतिगृहाच्या खानावळीला विचारून स्वतःचा आकडा काढलेला असेल, तर तो निबंध नुसता वाचू नका, जपून ठेवा. तुमच्या मार्गदर्शकांच्या यादीत असा एक जरी असला तरी माझं मत त्यांच्या बाजूने झुकेल.

प्रयोगशाळेच्या शिस्तीच्या खुणा पटकन सांगते. प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं प्रमाण आधीच माहीत असतं) सोबत चालवला का, कोरा नमुना (भाजी न घालता चालवलेला) होता का, शोधमर्यादा (यंत्राला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण) दिली का. कीटकनाशकांच्या अंशांत रिकव्हरी, म्हणजे नमुन्यात मुद्दाम घातलेल्यापैकी मापात परत आलेला भाग, साधारण ७० ते १२० टक्क्यांत असावी लागते. प्रत्येक नमुन्याची बरोबर १०० टक्के दाखवली असेल तर जरा थांबून विचार करा.

नियतकालिकांबद्दल घरचे विचारतील, म्हणून लिहिते. कृषीत अजूनही नास रेटिंग (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने नियतकालिकांना दिलेले गुण) बघितलं जातं, बाहेर इम्पॅक्ट फॅक्टर (अंकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात ते). दोन विषयांत ते एकमेकांशी ताडू नका. अन्नरसायनाची नियतकालिकं मोठ्या गर्दीची असतात, तिथे संदर्भ भराभर मिळतात; भारतीय मृदाशास्त्र संस्थेचं नियतकालिक त्या मानाने शांत. ही संस्था १९३४ ची आहे, आणि तिच्या पानांवर आपल्या काळ्या मातीबद्दल जे सापडेल ते परदेशी झगमगीत अंकांत सापडणार नाही. नुसत्या आकड्यांचं काय होतं हे पुण्याने जवळून पाहिलंय. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारभर नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्के दर्जाहीन निघाली. नंतर आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून केअर यादीचं, म्हणजे मान्य नियतकालिकांच्या नव्या यादीचं, काम चाललं, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. म्हणजे २००८ ते २०१८ मधला एखादा निबंध "मान्यताप्राप्त" अंकात होता, एवढ्यावरून काही ठरत नाही. उलट, त्या काळात पदोन्नतीच्या गुणांसाठी पैसे भरून छापलेले दोन-तीन निबंध चांगल्या माणसाच्या यादीतही सापडतात. मी त्यावरून माणूस खोडून टाकत नाही. ते किती, आणि कधी थांबले, ते बघते. एच-इंडेक्स हे २००५ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेलं, निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढायचं माप आहे. एकाच विषयातल्या, एकाच वयाच्या दोघांना ताडायला थोडंफार चालतं. माती आणि अन्न मिसळलेल्या यादीला लावून त्यातून काय हाती येतं, मला अजून कळलेलं नाही.

लेखकांचा क्रम बघताना आपल्याकडची रीत ध्यानात ठेवा. विद्यार्थी पहिला, मार्गदर्शक दुसरा किंवा शेवटचा. प्रबंधातून निघालेल्या निबंधात विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे ना, हे मी फार काटेकोरपणे बघते, कारण उद्या तिथे तुमचं नाव असणार आहे. जुन्या विद्यार्थ्यांची नावं उतरवून घ्या आणि ते आज कुठे आहेत ते शोधा. दोघांना फोन करा. विचारायचं एवढंच: नमुने कोण काढायचं, सर शेतावर यायचे का, आणि आकडा मनाविरुद्ध आला की काय व्हायचं? तिसऱ्या प्रश्नावर फोनमध्ये जी शांतता येते किंवा जे हसू येतं, त्यातून पुष्कळ कळतं.

९६ निबंध वाचायची गरज नाही. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक दुपार बसा आणि चारच काढा: सर्वांत जुना मातीचा, सर्वांत जास्त संदर्भ मिळालेला, दुरुस्तीनंतरचा पहिला अन्नाचा, आणि शेवटच्या पीएच.डी. विद्यार्थ्याचा. चारही शेजारी ठेवून फक्त पद्धतीचा भाग वाचा. दुरुस्तीनंतरच्या निबंधात पाण्याचं प्रमाण सापडलं, दळण कशात केलं ते सापडलं, आणि एखाद्या तक्त्यात मातीचा आणि भाजीचा नमुना एकाच वाफ्यातला असल्याचं लिहिलेलं सापडलं, तर मैत्रिणींना सांगा की दगड एकच आहे.

एक काम मात्र कागदावर होणार नाही. दिवाळीनंतर त्यांचे विद्यार्थी रब्बीच्या भाजीचे नमुने काढायला निघतील, तेव्हा परवानगी घेऊन एक दिवस सोबत जा. सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत. वाफ्यात खड्डा कसा करतात, वरच्या १५ सेंटिमीटरची माती कशाने उचलतात, घमेलं लोखंडी आहे की प्लास्टिकचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतात का, हे बघा. मग पिशव्यांवर क्रमांक घालताना जवळ उभ्या राहा. मातीच्या पिशवीवर १७ लिहिल्यावर शेजारच्या पालकाच्या पिशवीवरही १७ च पडतो का, ते बघा.